फियाट ११००: तुरिन ते कुर्ला, एका इंजिनाचा प्रवास

प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबांची १९७२ ची गाडी बरीच वर्षं झाकून ठेवलेली आहे. आरसी बुकात 'फियाट ११०० डी' लिहिलंय, शेजारचे काका तिला पद्मिनी म्हणतात, तर कुणी सांगतं की ही मूळची इटलीतली दुसरीच गाडी. मग ही नेमकी कोणती गाडी, तिचा इतिहास काय, आणि ती पुन्हा रस्त्यावर आणण्यात अर्थ आहे का?

माझं आयुष्य याच गाड्या उघडण्यात आणि जोडण्यात गेलं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. आधी थेट सांगतो. तुमची गाडी फियाट ११०० डी आहे आणि काकाही फारसे चुकलेले नाहीत, कारण पद्मिनी म्हणजे हीच गाडी नाव बदलून पुढे चालू राहिलेली. पण '११००' नावाची गाडी एकच नव्हती. इटलीत या आकड्याखाली दोन पूर्ण वेगळ्या गाड्या होऊन गेल्या, आणि दोघींना जोडणारा धागा म्हणजे बॉनेटखालचं १०८९ सीसीचं इंजिन. ते १९३७ साली पहिल्यांदा विकलं गेलं आणि मुंबईच्या कुर्ल्यात, प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात, २००० सालापर्यंत बनत राहिलं. इतिहास समजून घ्यायचा तर पत्र्यापेक्षा या इंजिनाचा माग काढलेला बरा.

सुरुवात इटलीतल्या तुरिनमध्ये. १९३२ साली फियाटने '५०८ बालिल्ला' ही सामान्यांना परवडावी अशी गाडी काढली होती. ती चालली, पण तीनचार वर्षांत जुनी वाटायला लागली. तेव्हा अंतोनिओ फेसिया यांच्या तांत्रिक विभागात दांते जाकोसा नावाचा तरुण इंजिनिअर होता. 'तोपोलिनो' या नावाने लोकप्रिय झालेली छोटी ५०० नुकतीच त्याच्या हातून बाहेर पडली होती. पुढे युद्धानंतरच्या ६०० आणि नव्या ५०० या गाड्याही त्याच्याच. १९३७ ची '५०८ सी', म्हणजे 'नवी बालिल्ला ११००', याच मंडळींनी उभी केली. नावात बालिल्ला असली तरी गाडी नवी होती.

इंजिनाचं माप पाहा: सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, चार सिलिंडर, एकूण १०८९ सीसी. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, ओतीव लोखंडाचा; हेड, म्हणजे त्यावरचं झाकण, ॲल्युमिनियमचं; व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, वर हेडमध्ये; आणि क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, तीन मेन बेअरिंगवर. ताकद ३२ अश्वशक्ती. आज हसू येईल असा आकडा, पण त्या काळी याच वर्गातल्या कितीतरी गाड्यांचे व्हॉल्व्ह अजून ब्लॉकमध्ये, बाजूला बसवलेले असत. व्हॉल्व्ह वर नेल्याने इंजिनाला श्वास मोकळा घेता आला. जोडीला पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं हलत नाही. ताशी ११० किलोमीटरच्या आसपास धावणारी आणि तरीही वळणावर सरळ राहणारी छोटी कुटुंबाची गाडी ही तेव्हा नवलाचीच गोष्ट होती.

१९३९ साली पुढचं तोंड बदलून नाव फक्त '११००' झालं. समोरची जाळी लांब आणि टोकदार, म्हणून इटालियन लोकांनी तिला 'मुझोने', म्हणजे मोठ्या नाकाची, असं नाव ठेवलं. याच यंत्रणेवर फ्रान्समध्ये 'सिम्का ८' विकली जात होती आणि जर्मनीत एनएसयू-फियाटच्या नावाखाली गाड्या बनत होत्या. लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली) एक आवृत्तीही होती, सहा माणसं बसतील अशी, आणि ती इटलीच्या शहरांत टॅक्सी म्हणून वापरली गेली. ११०० ची टॅक्सी हा शोध काही मुंबईचा नाही.

इथे जरा आडवाटेला जातो, कारण इंजिनाची जात यातूनच कळते. एन्झो फेरारी आल्फा रोमिओपासून वेगळे झाले तेव्हा करारामुळे त्यांना चार वर्षं स्वतःच्या नावाने गाडी उतरवता येत नव्हती. त्यांच्या छोट्या कारखान्याने १९४० च्या मिल्ले मिलिया या इटलीतल्या मोटार शर्यतीसाठी '८१५' नावाच्या दोन गाड्या केल्या. दीड लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, आणि त्यावर एकापुढे एक बसवलेली फियाट ५०८ सी ची दोन हेडं. एक गाडी आल्बेर्तो अस्कारीने चालवली, दुसरी लोतारिओ रांगोनीने. दोन्ही शर्यत पुरी करू शकल्या नाहीत, पण फेरारीने स्वतंत्रपणे बांधलेल्या पहिल्या गाडीत हेड या ११०० चंच होतं. युद्धानंतर पिएरो दुझिओच्या 'चिझितालिया' कंपनीने तर आपला अख्खा डोलारा याच इंजिनावर उभारला. १९४७ च्या मिल्ले मिलियात पन्नाशी ओलांडलेला, आजारी शर्यतपटू ताझिओ नुवोलारी चिझितालियात बसून भर पावसात दुसरा आला. त्याच्या पुढे होती जवळपास तीन लिटर इंजिनाची आल्फा रोमिओ. पिनिन फारिनाने घडवलेली 'चिझितालिया २०२' आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. शिल्प म्हणून मांडलेल्या त्या गाडीच्या पोटात काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या इंजिनाचा आजोबा आहे, हे मुंबईतल्या फार थोड्या टॅक्सीवाल्यांना ठाऊक असेल.

ही ताकद यायची कुठून? काही जादू नव्हती. मूळ इंजिन फार सावधपणे, राखून बनवलेलं होतं. ३२ अश्वशक्तीसाठी जेवढा दणकट ब्लॉक लागतो त्याहून तो दणकट होता. म्हणून त्यातून साठ अश्वशक्ती काढली तरी तो तग धरायचा, आणि चाळीसच काढली तर दशकानुदशकं चालायचा. शर्यतवाल्यांनी या राखीव ताकदीचा एका बाजूने फायदा घेतला, आपल्या टॅक्सीवाल्यांनी दुसऱ्या बाजूने.

आता दुसरी ११००. युद्धानंतर फियाटने आधी जुनीच गाडी ११०० बी आणि ११०० ई अशा नावांनी विकली. १९५० साली '१४००' ही फियाटची पहिली चासिस नसलेली, म्हणजे बॉडी हाच सांगाडा असलेली गाडी आली. तीच पद्धत वापरून १९५३ च्या जिनिव्हा मोटार प्रदर्शनात '११००/१०३' मांडली गेली. नाव जुनं, इंजिनाचं माप तेच ६८ बाय ७५, पण बाकी सगळं नवं: चार दरवाजे, अंडाकृती पाठ, २३४० मिलिमीटरचा व्हीलबेस, आठशे किलोच्या थोडं वर वजन, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि सरळ ॲक्सल, स्टिअरिंगच्या दांडीवर चार गिअरचा खटका. इंजिन आता ३६ अश्वशक्ती देत होतं. पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, म्हणजे बिजागरी मागे, मधल्या खांबावर, आणि कडी पुढे. बसायला-उतरायला ऐसपैस, पण चालत्या गाडीत दार सुटलं तर वारा ते फाडूनच नेणार.

त्या वेळच्या इटलीत या गाडीची जागा कोणती, हे लक्षात घ्यायला हवं. १९५५ साली ६०० आली, १९५७ साली नवी ५००. त्या दोन्ही स्कूटरवरून गाडीवर येणाऱ्यांसाठी. त्यांच्या एक पायरी वर ११००. गावचा डॉक्टर, दुकानदार, गिरणीतला मोठा कारकून, चार मुलांचं कुटुंब. १९५६ साली मिलान ते नेपल्स महामार्गाचं काम सुरू झालं, १९६४ मध्ये पुरं झालं, आणि ऑगस्टच्या सुट्टीत छपरावर ट्रंका बांधून दक्षिणेकडे निघालेल्या कुटुंबांत ही गाडी ठळकपणे असायची. हौशी लोकांसाठी 'तुरिझ्मो वेलोचे' नावाची तेज आवृत्ती निघाली, जाळीच्या मधोमध तिसरा दिवा असलेली. १९५४ पासून 'फामिलियारे' ही मागून उघडणारी लांब गाडीही मिळू लागली.

पुढची वर्षं फियाटने तिला सतत शिवत-उसवत ठेवलं. मागचे पंख आले, डिकी मोठी झाली, दोन रंगांची 'लुस्सो' निघाली. १९५७ च्या '१२०० ग्रानलुचे' या थोरल्या बहिणीला सरळ उघडणारे दरवाजे मिळाले आणि १९६० मध्ये ते ११०० लाही लागले. १९६२ साली आली '११०० डी', तुमच्या गाडीची इटालियन आई. इटलीत तिला १२२१ सीसीचं इंजिन दिलं होतं, पण ते काही नवं इंजिन नव्हतं. धाव तीच ७५, फक्त व्यास ६८ वरून ७२ केला. पंचवीस वर्षं जुन्या ब्लॉकमध्ये तेवढी जागा शिल्लक होती. भारतात आलेल्या डी मध्ये मात्र १०८९ चंच इंजिन राहिलं, त्यामुळे जुन्या इटालियन पुस्तिकांमधले आकडे तुमच्या गाडीला लावायला जाऊ नका. पिस्टन-रिंगा मागवताना तर अजिबात नाही.

आता कुर्ला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. त्याआधी सिंदिया जहाज कंपनी, बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची गोदी हे सगळं त्यांनी इंग्रजी राजवटीच्या नाकावर टिच्चून उभं केलं होतं. १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्याखाली डॉज-प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या, आणि पन्नाशीच्या सुरुवातीला फियाटची छोटी ५००. १९५३ साली टॅरिफ कमिशन या सरकारी आयोगाच्या अहवालावर सरकारने ठरवलं की, ज्यांच्याकडे सुटे भाग इथेच बनवण्याची योजना आहे त्यांनाच गाड्या जोडता येतील. शिवडीत १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने आणि फोर्डने आपलं बिऱ्हाड हलवलं. राहिलेल्यांत प्रीमियर होती. १९५४ मध्ये कुर्ल्यात ११००/१०३ सुरू झाली, म्हणजे जिनिव्हात पडदा उघडल्यावर जेमतेम वर्षभराने. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'आपल्याला नेहमी परक्यांच्या टाकाऊ गाड्याच मिळाल्या' असं आपण सरसकट बोलतो. १९५४ साली मुंबईकर जी फियाट चालवत होता तीच तुरिनकर चालवत होता. वालचंदजी मात्र हे पाहायला नव्हते. ते १९५३ मध्ये गेले होते.

ही पहिली 'मिलेचेंतो', म्हणजे नुसतं 'अकराशे'. मग 'सिलेक्ट', मग 'सुपर सिलेक्ट'. या सगळ्या गोलमटोल गाड्यांना आपल्याकडे एकच नाव पडलं: डुक्कर फियाट. पुढून पाहिलं की कळतं का ते. आज या नावाला मान आहे, सुस्थितीतली डुक्कर असेल तर मालक तिजोरीसारखी जपतो. ओळखायची खूण सोपी, पुढचे दरवाजे उलटे उघडतात. दरवाजे सरळ उघडत असतील आणि मागे चिमुकले पंख असतील, तर ती १९६४ नंतरची ११०० डी, म्हणजे आपली 'डिलाइट'. तुमची गाडी यातली.

फियाट तेव्हा कुणाकडे असे, याची एक बोलकी नोंद दिल्लीत आहे. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना १९६४ ची फियाट घेतली. किंमत सुमारे बारा हजार, हाताशी सात. उरलेल्या पाच हजारांसाठी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. १९६६ मध्ये ते गेले आणि त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी ते कर्ज पेन्शनमधून फेडलं. गाडी आजही त्यांच्या स्मारकात उभी आहे. पंतप्रधानाला कर्ज काढावं लागणारी गाडी म्हणजे मध्यमवर्गासाठी ती किती लांबची गोष्ट असेल, ते यावरून समजा.

इटलीत काय चाललं होतं? १९६६ मध्ये ११०० आर निघाली, जराशी चौकोनी, पुढे डिस्क ब्रेक घेऊन. पण त्याच वर्षी फियाट १२४ ही नवी गाडी आली होती आणि जाकोसाच्या टेबलावर तिसरंच काही तयार होत होतं. १९६४ पासून फियाट 'आउतोबियांकी प्रिमुला' या छोट्या ब्रँडच्या गाडीवर एक प्रयोग करून पाहत होती: इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच रेषेत शेजारी, आणि पुढच्या दोन चाकांना कमी-जास्त लांबीचे दोन शाफ्ट. फसलं तर मोठ्या नावाला डाग नको, म्हणून प्रयोग धाकट्या नावावर. तो फसला नाही. १९६९ साली फियाट १२८ आली, इंजिनिअर लाम्प्रेदीने घडवलेलं १११६ सीसीचं, डोक्यावर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि दातेरी पट्टा असलेलं इंजिन घेऊन, आणि ११०० इटलीत बंद झाली. १२८ ला १९७० चा युरोपियन कार ऑफ द इयर किताब मिळाला. माझं मत विचाराल तर फियाटच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गाडी ५०० नाही, १२८ आहे. आज तुमच्या इमारतीखाली उभ्या असलेल्या जवळपास प्रत्येक छोट्या गाडीचं बॉनेट उघडा, मांडणी तीच दिसेल. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे आडवे ठेवले की गाडीच्या लांबीचा बहुतेक भाग माणसांना आणि सामानाला मिळतो. ११०० मध्ये मधोमध जाणारा प्रॉपेलर शाफ्टचा बोगदा आणि मागचा ॲक्सल ही जागा खाऊन टाकत.

म्हणजे १९६९ ला आईचं निधन झालं आणि लेक कुर्ल्यात पुढची तीस वर्षं नांदली. का? यावर गॅरेजमध्ये चहासोबत फुकटात मिळणारं उत्तर असं, की कंपनी आळशी होती. मला ते अर्धवट वाटतं. नवं मॉडेल म्हणजे नवे साचे, नवी यंत्रं, परकीय चलन, आणि प्रत्येकाला दिल्लीची परवानगी. वर १९६९ मध्ये सरकारने गाड्यांच्या किमतींवरच नियंत्रण आणलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार' या नावाने कायद्याचे विद्यार्थी ते आजही वाचतात. विक्रीची किंमत तुमच्या हातात नाही, उत्पादन किती करायचं ते परवान्यावर, आणि दाराबाहेर वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. अशा वेळी नवी गाडी आणायला पैसा येणार कुठून, आणि आणायची निकड तरी कुणाला? देशात पर्याय दोनच, कलकत्त्याची ॲम्बॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड. त्या दोघींची गत निराळी नव्हती. कंपनीला दोष द्यायचाच तर तो ऐंशीच्या दशकासाठी द्यावा, सत्तरच्या नाही.

फियाटशी असलेला करार संपला आणि नाव गेलं. १९७२ च्या आसपास गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, १९७४ मध्ये चितोडच्या राणीच्या नावाने 'प्रीमियर पद्मिनी'. पत्रा तोच, इंजिन तेच, फक्त जाळी आणि अक्षरं बदलली. लोकांच्या तोंडी मात्र ती फियाटच राहिली. ताडदेवला टॅक्सीवाल्याला 'पद्मिनी आहे का' असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. तुमची गाडी नेमकी या सांध्यावरची आहे. १९७२ च्या काही गाड्यांवर फियाटचा बिल्ला आहे, काहींवर प्रेसिडेंटचा. आरसीवर ११०० डी असेल तर त्यालाच प्रमाण माना.

टॅक्सीवाल्यांना ही गाडी का आवडली, तर कारणं साधी आहेत. ॲम्बॅसडरपेक्षा आटोपशीर, त्यामुळे गिरगाव-भुलेश्वरच्या गल्लीत वळते. कारखाना कुर्ल्यात, त्यामुळे सुटे भाग मुंबईतच आणि स्वस्त. हेड उतरवून गॅस्केट बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी धंद्यावर. दांडीवरचा गिअर असल्याने पुढे सलग बाकडं, म्हणजे एक प्रवासी जास्त. पुढे सीएनजी आला, सिलिंडर डिकीत बसला आणि सामान छपरावरच्या कॅरिअरवर गेलं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि खेळ बदलला. प्रीमियरने १९८५ मध्ये '११८ एनई' काढली. ती बॉडी फियाट १२४ ची, साचे स्पेनच्या सिएट या मोटार कंपनीकडून आलेले, आत निस्सानचं इंजिन. गाडी वाईट नव्हती, पण १९६६ ची रचना १९८५ ला नवी म्हणून विकणं कठीणच. पद्मिनी सोबत चालू राहिली, शेवटी शेवटी १३६६ सीसीचं डिझेल इंजिन आणि जमिनीवरचा गिअरसुद्धा आला. नव्वदच्या मध्यावर फियाट स्वतः कुर्ल्यात परतली, 'उनो' घेऊन. बुकिंग लाखांत गेलं, पण संप आणि पुरवठ्याच्या गोंधळात त्यातल्या फार थोड्या लोकांना गाडी मिळाली. २००० च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. फियाट पुढे पुण्याजवळ रांजणगावला गेली. कुर्ल्यात प्रीमियर रोड हे नाव तेवढं राहिलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही उतरली.

आता तुमच्या गाडीकडे. पुन्हा रस्त्यावर आणण्यात अर्थ आहे का? पत्र्याची स्थिती बघितल्याशिवाय कुणीही हो म्हणत असेल तर त्याला गाडी देऊ नका. या गाडीला वेगळी चासिस नाही, बॉडी हाच कणा. म्हणून रंग-क्रोम नंतर. आधी पायाखालची मॅट उचला, फ्लोअर पाहा. दारांखालच्या पोकळ पट्ट्या बोटाने दाबून पाहा, मागच्या पाट्यांचे टोकाचे हँगर जिथे बॉडीला जोडलेत तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. जॅक लावल्यावर दरवाजा नीट बंद होत नसेल तर सांगाडा वाकतोय असं समजा. इथे गंज पसरला असेल तर खर्च इंजिनाच्या कितीतरी पट होतो. उलट पत्रा सुदृढ असेल तर इंजिन पूर्ण जाम असलं तरी घाबरू नका, ते उघडता येतं, बोअर करता येतं, म्हणजे सिलिंडर किंचित मोठे घासता येतात, आणि त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन मिळतात.

बरीच वर्षं उभी आहे म्हणता, तर थेट चावी फिरवू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस राहू द्या, मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवून इंजिन सुटतंय का पाहा. टाकीतलं जुनं पेट्रोल फेकून द्या. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि १९७२ चे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा ते सहन करत नाहीत. दोन्ही बदला, हे टाळू नका, आगीचा धोका आहे. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर नाही; मास्टर सिलिंडर आणि चाकांवरचे सिलिंडर यांची रबरं वाळलेली असणारच. इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक करा. गॅरेजमध्ये हा क्रम नेहमी उलटा होतो, कारण इंजिनाचा आवाज ऐकायची घाई मालकाला असते.

हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक लोखंडाचा, दोन्ही तापले की वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. गाडी एकदा जरी उकळली असेल तर हेड वाकलेलं असू शकतं. रेडिएटर बाहेर काढून साफ करा, पाण्याऐवजी कूलंट भरा. भर उन्हात गाडी चालता चालता गुदमरून बंद पडली तर बहुधा पेट्रोल पंप तापून पाइपमध्ये वाफ अडकलेली असते. बोरघाटात पंपावर ओलं फडकं ठेवून बसलेले फियाटवाले उगाच बसत नव्हते. पुढचे किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खिळी, महिन्या-दोन महिन्यांनी ग्रीस मागतात. दिलं नाही तर स्टिअरिंग जड होतं आणि टायर आतून घासतात. पहिल्या गिअरला सिंक्रो (दात जुळवून देणारी यंत्रणा) नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नका. दांडीच्या गिअरचे बुश झिजले की दुसरा आणि तिसरा सापडेनासे होतात. हे बुश काही शेकड्यांत मिळतात, पण बरेच मिस्त्री ते न बदलता अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला देतात.

कागदांचं सांगायचं तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रचना न बदललेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, दहा वर्षांसाठी. आधीपासून नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो, नव्याने नोंदणाऱ्यांना 'व्हीए' मालिका मिळते. पण अशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढ्यापुरतीच. रविवारी कुटुंबाला घेऊन हिंडायचं असेल तर आपली नेहमीची नोंदणी फिटनेस करून नूतनीकृत करा आणि व्हिंटेजच्या फंदात पडू नका.

शेवटी एक विनंती: मूळ १०८९ चं इंजिन काढून मारुतीचं किंवा डिझेल इंजिन टाकायचा सल्ला कुणीतरी नक्की देईल. तशी गाडी चालते, पण व्हिंटेज नोंदणी गेली, किंमत गेली. इंजिन नंबर आरसीशी जुळतो का तेवढं आजच तपासून घ्या, ब्लॉकवरची धूळ पुसून, बॅटरीच्या प्रकाशात.